मान हलवणारे कॉम्प्युटर मास्तर

साक्रीकडच्या आमच्या गावात कॉम्प्युटर शिकवणारे मास्तर आधी 'हो' म्हणून मान हलवतात, मग समोरच्याचं ऐकतात. पण माणूस कामाचा. शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरांत त्यांनी फुकटचं, कोणालाही उघडून बदलता येईल असं सॉफ्टवेअर टाकलं आणि पोरांकडून पडद्यावरचे शब्द अहिराणीत करून घेतले. मला म्हणाले, "आबा, हाई बठ्ठं आपलं शे." हे सगळं आपलं आहे म्हणे.

मग शाळा समितीची बैठक झाली. हेडमास्तर म्हणाले, "फुकटचं पाहुण्यांसमोर शोभत नाही. कंपनीचं घेऊ."

समितीतला मी एकटाच "नको" म्हणालो.

"आबा, तुम्ही चौथी नापास. तुम्हाला काय समजतं यातलं?" हेडमास्तर म्हणाले.

सगळे हसले. मला समजत नव्हतंच, पण ज्याला समजत होतं तो माझ्या शेजारी बसला होता. मास्तरांनी हेडमास्तरांकडे बघून मान हलवली.

सोमवारी त्यांनी स्वतःच्या हातानं पोरांचं सगळं पुसलं. पोरं दाराशी उभी राहून बघत होती. जाताना मास्तर माझ्या ओट्यापाशी थांबले.

"आबा, नाइलाज व्हता."

आमच्याकडे ओट्याशी आलेल्याला चहा विचारल्याशिवाय कोणी जाऊ देत नाही. घरात चूल पेटलेली होती. मी विचारलं नाही.