झेपेल का?

सकाळी गल्लीतून जाताना एका कारखान्याचं दार उघडं होतं. गरम तेलाचा आणि कच्च्या सुताचा वास आला, आणि मी मनाने थेट कॉलेजच्या मुलाखतीच्या त्या केबिनमध्ये जाऊन उभा राहिलो. त्या दिवशी शिफ्ट संपवून तसाच गेलो होतो, त्यामुळे शर्टालाही हाच वास होता.

आठवीत शाळा सोडून मी नांदेडकडून भिवंडीत लूमवर, यंत्रमागावर कामाला आलो होतो. पुढे दहावी बाहेरून दिली, मार्क बरे पडले, आणि अकरावी सायन्सच्या निवडक तुकडीसाठी मुलाखतीला बोलावणं आलं.

"मध्ये बरीच वर्षं गेली तुझी," सर म्हणाले. "झेपेल का?"

"झेपेल, सर!" मी ओरडलोच. बाहेर रांगेतली पोरं हसली.

सरांनी कानावर हात ठेवला. "अरे, मी समोरच आहे."

मी माफी मागितली, तीही तेवढ्याच मोठ्याने.

शेजारच्या मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "लूमच्या खडखडाटात असंच बोलावं लागतं, सर. माझे वडील घरी मीठसुद्धा ओरडून मागायचे." मग माझ्याकडे वळल्या. "आता हळू सांग. झेपेल?"

हळू बोलायला गेलो, तर आवाजातला सगळा जोरच गेला. "बहुतेक," मी पुटपुटलो. वाटलं, संपलं.

"आता खरं बोललास," म्हणत सरांनी सही केली.

तेव्हा वाटलं होतं, नशिबाने वाचलो. आज कळतं, त्या दोघांना माझी भीती स्वच्छ दिसली होती, आणि तिच्यासकट त्यांनी मला वर्गात घेतलं.