सरकारीपेक्षा सुबक रेशनकार्ड

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही मला आधी स्वतःचे हसू येते आणि मग वाईट वाटते. महायुद्ध चालू होते. मी तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, नंदुरबारला फौजदार होतो. नोकरीला चार-पाच वर्षे झालेली, म्हणजे आपल्याला सगळे कळते असे वाटण्याचा तो काळ. शहरात धान्य रेशनवर मिळू लागले होते आणि घरोघरी मामलेदार कचेरीची कार्डे पोहोचली होती. एका सकाळी रेशनचा दुकानदार धापा टाकत ठाण्यात आला. त्याच्या रांगेत दोन बायका एकाच नंबरचे कार्ड घेऊन उभ्या होत्या.

जमादाराला घेऊन मी दुकानावर गेलो. एक टांगेवाल्याची बायको होती. दुसरी धडगावकडच्या डोंगरातून येऊन कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागलेली पावरा आदिवासी बाई. मी दोन्ही कार्डे हातात घेतली. एकावरची शाई फाकलेली, अक्षरे बरबटलेली, आणि पुठ्ठा घडीवर इतका फुटलेला की त्याचे दोन तुकडेच व्हायचे बाकी होते. दुसऱ्यावर ओळी सरळ, शाई स्वच्छ, घडी मऊ बसलेली. खोटे कोणते हे ठरवायला मला मिनिटही लागले नाही. दोन्ही कार्डे जप्त करून पंचनामा केला, पावरा बाईला पत्ता विचारून घरी जाऊ दिले आणि टांगेवाल्याच्या बायकोला ठाण्यात आणून बसवले.

"साहेब, हाई कार्ड कचेरीनंच दिन्हं शे. मन्हं काय चुकनं?" असे ती पुन्हा पुन्हा विचारत होती. मी दरडावून तिला गप्प केले.

दुपारी कचेरीतला कारकून आला. त्याने दोन्ही कार्डे उलटसुलट केली आणि जरा चाचरत म्हणाला, "साहेब, हे फुटलेलं कार्ड आमचं आहे."

जमादार लगेच खिडकीबाहेर बघू लागला. खोटी वस्तू म्हणजे भिकारच असणार, या माझ्या समजापायी एका निरपराध बाईचा अर्धा दिवस ठाण्यात गेला होता. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "माफी ऱ्हाऊ द्या साहेब, मन्हं धान्य?" मी शिपाई बरोबर देऊन तिला दुकानावर पाठवले.

पावरा बाईला पुन्हा विचारले, पण कार्ड कोणी दिले ते तिने काही केल्या सांगितले नाही. आता छापखाना शोधायचा होता. गावात तीनच छापखाने होते. मी झडतीची तयारी केली, पण जमादार मुरलेला माणूस होता. तो म्हणाला, "झडतीत काय सापडणार साहेब? काम झालं की जुळवलेला टाइप सोडून परत खणांत टाकतात. मागे काही राहत नाही. त्यापेक्षा कार्डं चाचांना दाखवा. कागदातलं त्यांच्याइतकं इथं कोणाला समजत नाही."

चाचा म्हणजे बाजारातल्या एका छापखान्याचे मालक. टाइप जुळवणारेही तेच आणि छापणारेही तेच. साठीचे गृहस्थ, तीन पिढ्यांचे नंदुरबारचे मुसलमान घराणे. थेट कळसाडीपर्यंतच्या खेड्यांतले पाटील लग्नपत्रिकांसाठी त्यांच्याकडे येत. गिऱ्हाईक आले की ते आधी कागद वाकवून पाहत, मग बोटांनी चोळून पाहत, आणि मगच मजकुराचे नाव काढत.

मी सल्ला मागायला आलो आहे असे सांगून त्यांच्यापुढे आधी सरकारी कार्ड ठेवले. चाचांनी ते उचलले आणि त्यांचे तोंडच वाकडे झाले.

"हाई कोणी कापं? कागदले बी अंग ऱ्हास साहेब, लाकूडना मायेक. घडी ज्या अंगे पडाव, त्या अंगे कापना पडस. एक पुठ्ठामा जास्त कार्डं बसाडाकरता कोणी तरी आडवा काप्या. मंग घडीवर फुटसच."

त्यांनी कागदाची एक पट्टी कापून ओली केली आणि ती कोणत्या अंगाने वळते, म्हणजे लाकडासारखे तिचे धागे कोणत्या दिशेने आहेत, ते मला दाखवले. मग शाई किती पातळ, दाब किती जास्त, टाइप किती झिजलेला, असे त्या सरकारी कार्डाचे पाव तास वाभाडे काढले. त्यानंतर मी दुसरे कार्ड पुढे केले.

चाचांनी ते एकदा उलटून पाहिले आणि खाली ठेवले. "हाई ठीक शे," एवढेच म्हणाले.

मी तेव्हा फार हुशार नव्हतो, पण इतके माझ्याही ध्यानात आले. एका कार्डावर पाव तास बोलणारा माणूस दुसरे दोन शब्दांत संपवतो, हे काही खरे नव्हे. मी सहज म्हटल्यासारखे म्हणालो, "शेवटची ओळ मात्र वाकडी गेलीय. नवशिक्याचं काम दिसतं."

चाचांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. खणातून पोलादी पट्टी काढून त्या ओळीखाली धरली. "देखा. कोठे वाकडी शे?" त्यांचा आवाज चढला होता. मग त्यांचा हात पट्टीवर तसाच राहिला.

"किती छापलीत, चाचा?" मी विचारले.

"अकरा."

त्यांनी जबाब आढेवेढे न घेता दिला. "त्या पावरा लोके होळीले डोंगरमा जातस. तवळच कचेरीना माणूस नावं लिखाले ऊना. झोपड्या रिकाम्या. परत ऊनात ते कचेरी म्हने, यादी बंद व्हयनी. मन्हा प्रेसना मांगेच त्यासन्या झोपड्या शेतस. पोरे उपाशी ऱ्हातस. मी काय आंधया शे?"

लढाईआधी लग्नपत्रिकांसाठी ठेवलेला जाड कागद त्यांनी वापरला होता. नमुना म्हणून स्वतःचे कार्ड घेतले. कोणाकडून काही घेतले नाही. यादी जिथे संपली असे ऐकले होते, त्यापुढे थोडे सोडून नंबर घातले. यादी बंद म्हणत असतानाही मधल्या काळात कचेरीने थोडी नवी कार्डे काढली आणि त्यातल्या शेवटच्या कार्डाचा नंबर जुळला.

"जरा गचाळ छापलं असतं, तर मला एवढं सोपं गेलं नसतं," मी म्हणालो.

"गचाळ छापता येत नही साहेब. हात ऐकत नही," चाचा म्हणाले.

मला त्यांना अटक करावी लागली. तसे करताना अगदी जड गेले. गुन्हा नोंदवला, अकराही कार्डे मुद्देमालात जमा केली. कायद्याने ते बरोबर होते, आणि त्या अकरा घरांतली चूल त्याच दिवशी बंद होणार होती. मी मामलेदारांकडे गेलो आणि त्यांना नवी कार्डे द्या म्हणून विनवले.

मामलेदार म्हणाले, "माणसं इथं राहतात याला पुरावा काय? आमच्या कागदावर एकाचंही नाव नाही."

ठाण्यात परतलो तेव्हा मला कपाटातले हजेरीबुक आठवले. डोंगरातून आलेल्या मजुरांची नोंद ठेवायची तेव्हा वहिवाट होती. गावात चोरी झाली की आधी त्यांना बोलवायचे. मी पाने उलटली. अकराही घरांतली माणसे त्यात होती. नाव, बापाचे नाव, मूळ गाव, अंगावरच्या खुणासुद्धा. दर आठवड्याला त्याखाली माझीच सही होती.

ते बुक मी मामलेदारांच्या टेबलावर नेऊन ठेवले. त्यांनी बराच वेळ चाळले आणि कारकुनाला हाक मारली. चार दिवसांत कार्डे निघाली. तोपर्यंत दुकानदाराने जमादाराच्या भिडेखातर धान्य दिले.

कोर्टात मी चाचांच्या बाजूने सांगता येईल तेवढे सगळे सांगितले. तीन महिन्यांची साधी कैद झाली. धुळ्याच्या तुरुंगात पाठवण्याआधी मी लॉकअपमध्ये जाऊन त्यांना खुशखबर दिली, ती जरा ऐटीतच. कार्डे कशी मिळवली, हजेरीबुक कसे नेले, सगळे सांगितले.

चाचांनी शांतपणे ऐकून घेतले. "चांगलं करं साहेब," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "म्हंजे नावं तुम्हना जोडे पहिलेपासून व्हतीस."

मी हो म्हणालो. नावे पहिल्यापासून माझ्याच कपाटात होती. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळेच ते जास्त लागले. पुढे तीस वर्षे मी नोकरी केली आणि बरेच गुन्हे उघडकीस आणले. पण माणसांची नावे आपण कशासाठी लिहून ठेवतो, हा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत पडला नव्हता. चाचांना तीन महिन्यांची कैद झाली. मला कोणी काहीच विचारले नाही.