पदरावरचा सोनेरी डाग

मुलांनो, काल व्हिडिओ कॉलवर तुम्ही तुमच्या तिकडच्या थिएटरातल्या पाय पसरून बसायच्या खुर्च्या दाखवल्यात, म्हणून आज हे लिहून ठेवते. पेणच्या थिएटरात बाल्कनीला गादीच्या खुर्च्या नव्याने बसवल्या, तेव्हा मी जवळच्या जोहे गावातल्या माझ्या मैत्रिणीला मुद्दाम सिनेमाला बोलावलं. गणपती आठ दिवसांवर आले होते. दिवसभर मूर्तींचे मुकुट रंगवून ती तशीच एसटीने आली. रंग काढायला चोळलेल्या रॉकेलचा वास हातांना येत होता, तरी नखांपासून लुगड्यापर्यंत सोनेरी रंग होताच. दारावरच्या माणसाने आमची बाल्कनीची तिकिटं फाडली आणि तिच्याकडे बघून मला म्हणाला, "ह्यांना खाली बाकावर बसवा. नव्या गाद्या हायेत, डाग पडंल." ती लगेच वळली. "ऱ्हाऊ दे गो, मला बाकाची सवय हाय." मी तिचा दंड धरला आणि त्याला विचारलं, "तुमच्या घरचा गणपती हिच्याच हातचा असेल. त्याला कुठे बसवता, बाकावर?" "देवाचं येगळं, बाई," तो पुटपुटला. मी आत जाऊन माझ्या मोतिया साडीचा पदर तिच्या खुर्चीवर पसरला आणि तिला त्यावर बसवलं. मध्यंतरातही मी उठले नाही, कारण पदर तिच्याखाली होता आणि तो माणूस दारातून बघत होता. ते थिएटर कधीच बंद झालं. साडी माझ्या कपाटात आहे, आणि पदरावरचा सोनेरी डागही.