‘इतर’चा रकाना

मी सॉफ्टवेअरवाली असले तरी कामाच्या सुरुवातीला कोडची एक ओळही लिहीत नाही. लोकांना कशाची काळजी आहे ते विचारायचं, लिहून घ्यायचं आणि प्रत्येक मुद्दा योग्य रकान्यात टाकायचा, हे माझं काम. दिसायला कारकुनी. पण इथे चुकीच्या रकान्यात पडलेल्या मुद्द्याकडे नंतर कुणी ढुंकूनही बघत नाही.

एकदा काम होतं दरडीचा धोका दिसला की डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांना फोनवर इशारा देणाऱ्या यंत्रणेचं. मी त्याच भागातल्या पोलादपूरची, म्हणून कंपनीनं मलाच पाठवलं. वरंधच्या बाजूला, डोंगराच्या अगदी कुशीत एकट्या राहणाऱ्या काकूंना मी विचारलं, "इशारा आला तर तुम्हाला कळेल ना?"

"कसा कळंल गो? माज्याकडं फोनच नाय."

"पण इशाऱ्याच्या यादीत तुमचा नंबर आहे."

"तो पोराचा हाय. पोरगा मुंबैला."

शेजारच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरीही तेच.

महाडच्या बैठकीत मी हा मुद्दा मांडला. आमच्या मॅनेजरांनी तो ऐकता ऐकताच ‘इतर’मध्ये टाकला. म्हणाले, "फोन कुणाच्या खिशात आहे, हा सॉफ्टवेअरचा प्रश्न नाही."

माझं डोकं फिरलं. "हा प्रश्न एका रकान्यात मावणाराच नाही," मी म्हटलं. "यादी करा, इशारा पाठवा, पोचल्याची नोंद घ्या, सगळीकडे तो आडवा येणार. तो सगळ्यात वर जाईल, नाहीतर या मुद्द्यांच्या कागदावर माझी सही नाही."

"तू गावची आहेस म्हणून भावनेच्या भरात बोलतेस."

होतेच मी भावनेच्या भरात. त्याची मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

मी यादीतला काकूंचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. मुलानं उचलला. मी आधी सांगितलं, आई बरी आहे, घाबरू नका. मग विचारलं, "दरडीचा इशारा तुमच्या फोनवर आला, तर आईला कसं कळवाल?"

"खालच्या दुकानात फोन लावीन," तो म्हणाला. "पण पावसात तिकडं रेंज नसते. मंग ताई, तिला सांगनार कोन?"

मी फोन उचलून मॅनेजरांच्या पुढ्यात ठेवला.

"तुम्ही सांगा त्यांना," मी म्हटलं.