गोळीचं वजन

गोळी रंगानं काम करत नाही, हे एका वाक्यात सांगता येतं. सिंदेवाहीच्या बसस्टँडजवळच्या मेडिकलमध्ये मी चार वर्षं हे वाक्य रोज सांगत होतो, आणि चार वर्षं समोरचा माणूस मान डोलावून म्हणत होता, "हाव भाऊ, समजलं. आता लाल द्या."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी चंद्रपूर शहरातला, नागपूरहून औषधांची पदविका घेऊन आलेलो. दुकानाचा मालक मुळात तांदळाचा व्यापारी. औषधातलं त्याला एवढंच कळायचं की तांदळाला सोंडे लागतात आणि गोळ्यांना लागत नाहीत, म्हणून हा धंदा बरा. माझं प्रमाणपत्र त्यानं काचेत मढवून गल्ल्याच्या वर लटकवलं होतं. त्या काळी बऱ्याच दुकानांत नुसतं प्रमाणपत्र भाड्यानं लटकायचं आणि माणूस दुसरीकडेच असायचा. आमच्याकडे माणूसही लटकलेला होता, एवढाच फरक.

चार वर्षांत मी ज्यांना ज्यांना तुच्छ मानलं त्यांची यादी लांब होईल. गावातले डॉक्टर होते, पेशंट म्हणाला "सुई टोचा" की सुई टोचणारे. कंपन्यांचे एजंट होते, टाय लावून एसटीतून उतरणारे, धुळीनं भरलेले बूट पँटच्या मागच्या बाजूला पुसणारे आणि त्याच त्या गोळीचं नवं माहितीपत्रक वाचून दाखवणारे. साधी पॅरासिटामॉल घ्या. पाचशे मिलिग्राम, पांढरी, सुटी घेतली तर अठन्नीला. तेच पाचशे चकचकीत पाकिटात घालून टीव्हीवर दाखवलं की रुपया. तेच पाचशे लाल रंगात बुडवलं की दोन रुपये. आत तीच पावडर, तेवढीच. मी दोन्ही गोळ्या मोडून काउंटरवर ठेवून दाखवायचो. लोक बघायचे, मास्तरांच्या प्रयोगाकडे बघावं तसं, आणि दोन रुपये काढायचे.

पण या सगळ्यांत वरचा नंबर होता तो गिऱ्हाइकांचा. तेव्हा मला असं वाटत होतं, आणि ते लपवायचे कष्टही मी घेत नव्हतो.

रोवणीच्या दिवसांत दुकानात गोळ्यांशिवाय दुसरं काही खपायचं नाही. धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून उभं राहायचं, एका हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची जुडी, दुसऱ्यानं रोवत रोवत मागे सरकायचं. बायकांची टोळी अख्खं शेत अंगावर घ्यायची, त्याला गुत्ता म्हणायचे. गुत्त्यात एकीची कंबर धरली की ओळ तुटते आणि सगळ्यांचा दिवस वाया जातो. म्हणून आमच्या त्या भागात एक रीतच पडली होती. गुत्ता ठरताना मजुरीबरोबर चहा-गोळीही ठरायची. सकाळी बांधीत उतरण्याआधी आणि दुपारी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, प्रत्येकीला काळा चहा आणि एक गोळी, शेतमालकाच्या खर्चानं. चहात साखर किती यावर जशी घासाघीस व्हायची, तशी गोळी कुठली यावरही व्हायची. मालक पांढरी देऊ बघायचा, टोळी लालच्या हट्टाला पेटायची. हे ऐकून मी हसायचो. कंबर मोडेपर्यंत राबायचं आणि वरून रंगासाठी भांडायचं, याच्याइतका मूर्खपणा मला दुसरा दिसत नव्हता.

एका टोळीची म्होरकी नेहमी माझ्याकडे यायची. पन्नाशीच्या आसपासची, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायांच्या बोटांमधली कातडी चिखलानं पांढरी पडलेली. वीस बायका तिच्या शब्दावर चालायच्या. अक्षरं तिला येत नव्हती, आकडे मात्र चोख यायचे. एका वर्षी शेतमालकानं गोळीसाठी ठरावीक रकमेच्या वर एक पैसा द्यायला नकार दिला, तेव्हा ती काउंटरशी येऊन लाल गोळीचा भाव पाडायला लागली. मी वैतागलो.

"बाई, तांदूळ घेताना तुम्ही पोत्याचा रंग पाहता का?"

"नाई. वजन पायतो."

"मग इथंही वजन पाहा. या लालमध्ये पाचशे, या पांढरीत पाचशे. पोतं वेगळं, माल एकच."

तिनं दोन्ही पट्ट्या हातात घेतल्या. उलट्यासुलट्या करून दोन्हींवरचा पाचशेचा आकडा शोधला, त्यावर बोट ठेवलं.

"म्हंजे इतके साल आमी पोत्याचेच पैसे देल्ले," ती म्हणाली. "द्या पांढरी."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकलं होतं. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. त्या रात्री खानावळीत मी भाकरीबरोबर ती गोष्ट दोघातिघांना सांगितली. तिनंही ती आपल्या परीनं पसरवली असणार, कारण पुढच्या आठवड्यात दुसऱ्या टोळीतल्या बायका पट्टीवरचा आकडा बघून गोळ्या घ्यायला लागल्या. तांदळाच्या उदाहरणावर मी तर बेहद्द खूश होतो. ते उदाहरण अर्धंच आहे, तांदळाशी तांदूळ तोलता येतो पण तांदळाशी मिरची तोलता येत नाही, हे मी कुणालाच सांगितलं नाही. कुणी विचारलं नव्हतं.

पुढच्या वर्षी ऐन रोवणीत पांढऱ्या गोळ्या संपल्या. मालकानं मागवल्याच नव्हत्या. एका एजंटनं त्याला डायक्लोफेनॅकवर स्कीम दिली होती, दहा डबे घेतले की एक डबा आणि भिंतीवरचं घड्याळ फुकट. घड्याळासाठी त्या माणसानं अख्खा हंगाम डायक्लोफेनॅकवर काढायचं ठरवलं. कंबरदुखीला ही गोळी पॅरासिटामॉलपेक्षा जोरदार, हे खरं. पण ती पोटात जखम करते, रिकाम्या पोटी तर फारच. कायद्यानं ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसते. चिठ्ठी कुणी मागत नव्हतं आणि मीही मागत नव्हतो. कायद्याचं नाव घ्यायला मी पहिला असायचो, पाळायला शेवटचा.

पाऊस लागलेला होता. काउंटरपुढे सातआठ माणसं, सगळ्यांच्या अंगावरच्या प्लास्टिकमधून पाणी निथळत होतं आणि मी फरशी पुसून पुसून कावलो होतो. टोळीची ती म्होरकी पुढे आली.

"पांढरी संपली," मी म्हणालो. "ही घ्या. कमरेला हीच चांगली."

तिनं सवयीनं पट्टी उलटी केली. आकडा शोधला. मग माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, हे तं पन्नासचीच आहे."

"हो."

"अन् कितीले?"

"रुपयाला एक."

"ते पाचशेची आठान्याले, अन् हे पन्नासची रुपयाले? काऊन जी?"

एवढा नेमका प्रश्न चार वर्षांत मला कुणी विचारला नव्हता. उत्तरही सोपं होतं. हे औषध वेगळं, दोन वेगळ्या औषधांची वजनं एकमेकांशी लावायची नसतात, याची एकच गोळी पुरते, ती जेवल्यावर घ्यायची, आणि पोट दुखलं की बंद करायची. बोलायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी ते बोललो नाही. मागच्या लोकांकडे एक नजर टाकून मी म्हणालो, "मग दहा खा ना बाई. दहा पन्नास पाचशे. झालं वजन बरोबर!"

मागचे लोक हसले. त्यांच्यातल्या निम्म्यांना तोच प्रश्न पडला असणार, पण विचारला तिनं, म्हणून ते तिला हसायला मोकळे झाले. मीही हसलो. ती हसली नाही. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान हलवली.

"चार पट्ट्या द्या," ती म्हणाली. "पयले मी खाऊन पायतो, मंग बायाइले देतो."

मी चार पट्ट्या दिल्या. वीस बायकांची टोळी, चार पट्ट्या म्हणजे चाळीस गोळ्या, एका दिवसाचा माल, असा हिशोब मी केला असेल. तिचं शेवटचं वाक्य माझ्या कानावर पडलं होतं, हे मी नाकारत नाही. पुढचं गिऱ्हाईक आलं आणि मी त्याला खोकल्याचं औषध काढून दिलं.

सहाव्या दिवशी तिच्या टोळीतली एक पोरगी दुकानात आली. तोंडाला पदर लावून नुसती उभी. काय पाहिजे म्हणून विचारलं तर म्हणाली, "आमच्या बाईले सरकारी दवाखान्यात नेलं. बांधीतच रगत ओकली."

मी दुकान मालकावर सोडून निघालो. मला तिची दया आली म्हणून निघालो असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. मी निघालो ते तिनं तिथं काय सांगितलंय हे बघायला. वाटेत मी उत्तरंही जुळवत होतो, की चिठ्ठीशिवाय सगळेच विकतात, की मी एकच घ्या म्हणालो होतो. चिखलातून चालताना मी ते वाक्य दोनतीनदा मोठ्यानं म्हणूनसुद्धा पाहिलं.

ती खाटेवर होती, सलाईन लावलेलं, तोंड पांढरंफटक. उशाशी तिची लेक बसली होती. चंद्रपूरला न्यायचं ठरलं होतं आणि जीप यायची होती. रक्त चढवावं लागेल, वाटेत काही झालं तर सांगता येत नाही, असं डॉक्टर तिच्या लेकीला सांगत होते. पुढे तिला चंद्रपुरात रक्त चढवलं, महिन्याभरानं ती घरी आली, पण रोवणीला परत कधी वाकली नाही. त्या दुपारी मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती वाचत नाही असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

डॉक्टर मला ओळखायचे. मला पाहून त्यांना आपलं माणूस भेटल्यासारखं झालं. "बघा हो," ते म्हणाले, "रिकाम्या पोटी, काळ्या चहाबरोबर, मुठीनं गोळ्या खातात ही माणसं. कशाची अक्कल नाही. उद्या मेली की नाव आपलं."

मी मान डोलावली. चार वर्षं जी मान हलताना बघून मी चिडत आलो होतो तशीच, आणि आजही मला त्या मान हलवण्याची किळस येते.

तेवढ्यात तिनं डोळे उघडले. मला ओळखलं. सलाईन नसलेल्या हातानं तिनं पदर नीट करायचा प्रयत्न केला, तो काही तिच्यानं जमला नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, तुमी दहा सांगतल्या होत्या. मले भेव लागला जी, म्हणून मी चार-चारच खाल्ल्या. सकाळी चार, दुपारी चार. कमी पडल्या असन ना? त्याच्यानंच झालं असन हे?"

चंद्रपूरच्या दवाखान्यासाठी कागद लिहिता लिहिता डॉक्टर थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाई," मी म्हणालो, "ती मस्करी होती. मी तुमची मस्करी केली होती."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती रागावेल, शिवी देईल, निदान तोंड फिरवेल असं मला वाटलं, आणि तसं व्हावं असंही वाटलं. पण तिचा त्यावर विश्वासच बसला नाही. दवाईची कुणी मस्करी करत असेल, हे तिच्या डोक्यात शिरलंच नाही. मी तिची चूक आपल्या अंगावर ओढून घेतोय अशी तिची समजूत झाली. तिनं मान वळवली, माझ्याकडून डॉक्टरांकडे, आणि असेल नसेल तो जोर लावून म्हणाली, "भाऊचा काई दोष नाई, साहेब. त्यायनं बरोबरच सांगतलं होतं. मीच कमी खाल्ल्या."