नाव आहे त्यात

छापखान्यात शिरताना नाना उजव्या हाताची दोन बोटं आमच्या दाराच्या चौकटीला लावत आणि मग ओठांना टेकवत. त्यांच्या रेल्वे क्वार्टरच्या चौकटीवर एक पितळी नळी ठोकलेली होती आणि तिच्यात शास्त्रवचनांची सुरळी होती, तेव्हा तिथे हे ठीकच. आमच्या चौकटीवर वाळकी लिंबं-मिरची होती आणि कॅलेंडरचा खिळा. तरी नाना बोटं लावल्याशिवाय आत येत नसत.

नाना जळगाव स्टेशनात पार्सल ऑफिसात होते. बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, मूळचे अलिबागकडचे. "कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणत," ते सांगत. "शनिवारी घाणा बंद. आणि बदली झाली ती नेमकी या तेलाच्या मुलखात!" शनिवारी ते कामावर जात नसत. त्याबदली सहकाऱ्यांच्या दिवाळीच्या, ईदच्या आणि झाडून साऱ्या रविवारच्या पाळ्या त्यांनी आयुष्यभर केल्या.

त्यांचे बहुतेक नातेवाईक तोवर इस्राएलला गेले होते, आणि नानांचीही निघायची तयारी चालली होती. जाण्यापूर्वी त्यांना एक पुस्तिका छापून मागे राहणाऱ्यांना वाटायची होती. शास्त्रातली देवाची हिब्रू नावं आणि त्यांचे मराठी अर्थ. "आमची माणसं प्रार्थना घडाघडा म्हणतात हो, पण हाक कुणाला मारतोय ते ठाऊक नको?" हे अर्थ त्यांच्या वडिलांनी एका वहीत बोरूने लिहून ठेवले होते. वडील वारले होते आणि वहीची दुसरी प्रत नव्हती.

मी तिथे प्रुफं वाचत असे. हिब्रू टाइप आमच्याकडे कुठला असणार? नानांनी मुंबईहून चार अक्षरांचा एक ठसा करून आणला. देवाचं खरं नाव ते, आणि ते उच्चारायचं नाही. वाचताना त्या जागी 'अदोनाय' म्हणायचं, म्हणजे धनी. एवढंच नव्हे, हे नाव ज्यावर उमटेल तो कागद बिघडलेला असला तरी फेकायचा नाही. तो कबरस्तानात पुरायचा, माणसासारखा. म्हणून मशीनपाशी एक खोका ठेवला होता. कुणी बिघडलेला कागद चुरगाळायला घेतला की नाना ओरडत, "हळू! नाव आहे त्यात."

त्या शुक्रवारी निम्मी पुस्तिका छापून झाली. दिवस कलला तसे नाना घाईने घरी निघाले, कारण सूर्य बुडाला की त्यांचा शनिवार सुरू होई. घाईत वही खोक्यातल्या कागदांवरच राहिली. शनिवारी सकाळी मी, व्यवस्थितपणाचा पुतळा, पसारा बघून वैतागलो आणि त्या भरात, आत न पाहता, नेहमीच्या रद्दीचा समजून तो खोका रद्दीवाल्याच्या हातगाडीवर रिकामा केला.

दुपारी कंपोझिटरने विचारलं, "नानांची वही कुठे आहे?" मी रिकाम्या खोक्याकडे पाहिलं.

रद्दीवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "बठ्ठी रद्दी शेठले दी टाकी भाऊ. काय शे त्यामा?" शेठ म्हणजे दाणाबाजारातला मारवाडी किराणावाला. आमची रद्दी त्याच्या पुड्यांसाठी जाई. एव्हाना नानांच्या वडिलांच्या अक्षरात कुणी जिरं बांधून नेलं असणार!

आधी नानांना सांगणं भाग होतं. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. टोपी घातली आणि माझ्यासोबत पायी बाजारात आले.

शेठने आम्हाला पाहिलं आणि मागच्या फळीकडे बोट केलं. तिथे त्याच्या जैन पोथ्यांशेजारी, स्वच्छ फडक्यावर, वही आणि ते सगळे कागद नीट रचून ठेवलेले होते.

"मधल्या अक्षरांची लिपी कोणती ते समजलं नाही," शेठ म्हणाला. "पण मराठीत जागोजाग देव दिसला, म्हणजे धर्माचं लिखाण. ते फाडलं तर ज्ञानाची आशातना, म्हणजे अवमान होतो, पाप लागतं आम्हाला." वर्तमानपत्राला तो ज्ञान मानत नसे, त्याच्या पुड्या खुशाल बांधत असे.

माझा जीव भांड्यात पडला. नानांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मी वही त्यांच्यापुढे केली, तर त्यांनी हात मागे घेतले. "आज ओझं उचलून नेता येत नाही मला. शेठ, तीन तारे दिसले की आमचा शनिवार संपतो, तोवर राहू द्याल?"

"राहू द्या. फक्त मी दिवसाउजेडी जेवून घेतो. अंधार पडल्यावर खात नाही आम्ही."

शेठ जेवून आला आणि दोघे दुकानाच्या फळीवर आभाळाकडे बघत बसले. एकाचं जेवण सूर्यास्ताआधी उरकलेलं, दुसऱ्याची सुटका सूर्यास्तानंतर. शेठ एकेक अर्थ विचारत होता. एल शद्दाय म्हणजे सर्वसमर्थ. एल रोई म्हणजे मला पाहणारा देव. घरातून पळालेल्या एका दासीने रानात, झऱ्यापाशी, हे नाव देवाला दिलं.

"आणि ही चार अक्षरं?"

"ते बोलायचं नाही."

"मग लिहिता कशाला?"

"विसरू नये म्हणून," नाना म्हणाले. शेठने मान डोलावली. त्याला ते पटलेलं दिसलं.

तिसरा तारा मीच आधी पाहिला. इतक्या आनंदाने मी आयुष्यात दुसरं काही मोजलेलं नाही. नानांनी वही उचलली आणि ओठांना लावली.

पुस्तिका झाली. बिघडलेले कागद नानांनी मुंबईच्या कबरस्तानात पुरायला बरोबर घेतले. निघायच्या दिवशी ते छापखान्यात आले, चौकटीला बोटं लावली. आज विचारलं नाही तर राहून जाईल, म्हणून मी म्हटलं, "नाना, आमच्या दारावर तसलं काहीच नाही. मग का?"

"नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं?" ते हसले, आणि गेले.

त्यांचं पुन्हा कधी काही कळलं नाही. पण तो खोका मी हलवू दिला नाही. लग्नसराईत पत्रिकांचे ढीग बिघडत. वर 'श्रीगणेशाय नमः', कुठे कुलस्वामिनी, कुठे बिस्मिल्ला. पूर्वी त्यांच्या पुड्या होत. आता ते सगळे खोक्यात जात, आणि भरला की मी सायकलवर बांधून गिरणा नदीत सोडून येई. मशीनवर नवा माणूस आला आणि पत्रिका चुरगाळू लागला, की आतून आवाज येई, "हळू! नाव आहे त्यात."

तो आवाज माझाच असे. पण दर वेळी मी दाराकडे बघत असे.