जाऊबाईंची विहीर आणि माझी बोअर

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन चुकेल. शाळा चौथीपर्यंतच झाली. नंतर पेन हातात आलं ते सही करण्यापुरतं. ऱ्हस्व-दीर्घ कुठे द्यायचं ते मला अजून नीट कळत नाही, आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्याबद्दल माफी असावी. पण हे मला तोंडाने कुणाला सांगता आलं नसतं. चार बायकांत बसले की माझा आवाजच फुटत नाही. म्हणून लिहून ठेवते.

अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे एका तळ्याच्या काठाला आमचं घर होतं. सासरे गेले आणि वाटणी झाली. थोरल्या दिरांना तळ्याकडची बाजू मिळाली, आम्हाला रस्त्याकडची. विहीर तळ्याकडच्या अंगणात, म्हणजे जाऊबाईंच्या दारात. पाणी दोन्ही घरांचं, असं पंचांसमोर ठरलं होतं. तरी दुसऱ्याच्या दारातली विहीर ती दुसऱ्याचीच.

बारवी धरणाच्या पाण्याचा जाडजूड पाइप रस्त्याच्या कडेने जात होता, पण आमच्या वस्तीत नळ अजून आला नव्हता. मार्चपासून सगळ्या बायका जाऊबाईंकडे येत. इतर विहिरी आटल्या तरी तिची आटत नसे. पाणी गोड, डाळ पटकन शिजायची. बायका रहाट ओढताना हसत, एकमेकींच्या सासवांच्या नकला करत, आणि मधे जाऊबाई पायरीवर बसून पान जुळवत असायची. मी हंडा घेऊन गेले की म्हणायची, "ये गो बाय, घे, तुझंच हाय." तिच्या मनात काही वाईट नसायचं. पण ते 'तुझंच हाय' ऐकलं की मी हंडा अर्धाच भरून निघायची. माझंच आहे तर रोज मला सांगायला कशाला हवं? आणि बायका माझ्या दारात कधी का बसत नाहीत?

मी यांच्या मागे लागले की आपण बोअर मारू. हे कारखान्यात होते, पगार बेताचाच. हे थोरल्या भावाशी बोलले, आणि झालं काय, तर जाऊबाईने आपल्या सोन्याच्या पाटल्या काढून दिल्या. उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या सराफाकडे त्या गहाण ठेवून पैसे आणले. मला हे कळलं तेव्हा जेवण गेलं नाही. माझं पाणीसुद्धा तिच्या हातातूनच येणार होतं.

पाणी कुठे लागेल ते सांगणारा पाणाड्या आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो आमच्या बाजूला फिरला. माझ्या दारासमोर नारळ हलला नाही. तळ्याच्या बांधाशी, जिथे आमच्या हद्दीचं एक टोक पोचतं, तिथे तो ताडकन उभा राहिला. तिथेच बोअरची गाडी लावली. आधी धूळ, मग दगडाचा भुगा, आणि मग पाणी असं उसळलं की गाडीवरची माणसं भिजली. मी पदर तोंडाला लावून रडले.

आमच्याकडे रीत अशी की नव्या पाण्याचा पहिला हंडा घरातल्या थोरल्या सुवासिनीने भरायचा. म्हणजे जाऊबाईने. तिने नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, पहिला हंडा तिच्या डोक्यावर चढला. पाटल्यांवाचून मोकळ्या मनगटाने तिने हंडा धरला होता. बायका म्हणाल्या, "हिच्या पायगुणाचं पाणी." मी मागे उभी होते.

बांधापासून पाइप टाकून पाणी माझ्या दारात आणलं, आणि पुढचा उन्हाळा मात्र माझा होता. मोटर सकाळी लावायची ती दुपारपर्यंत चालायची. धुणी, भांडी, म्हशी, सगळ्या वस्तीचं माझ्या दारात. फक्त डाळीसाठी एक कळशी जाऊबाईकडून, कारण बोअरचं पाणी खोल दगडातून येऊन जड झालेलं, त्यात डाळ शिजत नसे. तेवढंही मला खुपायचं.

मग तिच्या विहिरीची एकेक पायरी उघडी पडायला लागली. लग्न होऊन आल्यापासून मी न पाहिलेल्या पायऱ्या, शेवाळ वाळून काळ्या झालेल्या. तळंही मागे सरकलं, काठाला चिखल भेगाळला. सगळे म्हणाले, पाऊस कमी झाला होता. मीही तेच म्हणाले. बायकांनी रहाट सोडला आणि डाळीच्या कळशा घेऊन लांबच्या विहिरीला जायला लागल्या. जाऊबाई हंडा घेऊन माझ्या दारात आली. या दिवसाची मी किती वाट पाहिली होती. मी म्हटलं, "घ्या बाई, तुमचंच आहे." ती हसली आणि तिथेच उकिडवी बसून बायकांशी गप्पा मारायला लागली. हंडा भरून वाहायला लागला तरी बायका तिच्याभोवतीच. विहीर आटली होती, पण तिच्या दारातलं ते हसणं तिच्याबरोबर माझ्या दारात आलं होतं, आणि माझ्याशी अजून कुणी बोलत नव्हतं.

मे महिन्यात मोटर जळली. ती वर काढून वायंडिंगला उल्हासनगरला नेली, आणि कारागिराने बरेच दिवस लावले. त्यातच एका सकाळी जाऊबाई माझ्या ओट्यावर आली आणि म्हणाली, "तुझी मोटर आजारी पडली का माझी विहीर बरी होते गो."

मला वाटलं टोमणा मारते. ती गेल्यावर मात्र जाऊन पाहिलं. काळ्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या. मी तळ्यावर गेले. पाऊस पडला नव्हता, तरी काठाच्या भेगांत ओल आली होती, आणि म्हशीच्या खुराच्या खड्ड्यांत पाणी साचलं होतं. तळं, विहीर आणि माझी बोअर, तिघांचं पाणी खाली एकच होतं. मी एवढा खर्च करून माझं वेगळं पाणी आणलं असं समजत होते. ते तिचंच होतं, आणि तिच्याच पाटल्यांवर.

मोटर दुरुस्त होऊन आली. हे म्हणाले, लाव. मी दिवसभर लावली नाही. संध्याकाळी जाऊबाई म्हणाली, सकाळी तासभर लावत जा, दोघींचं भागेल. तिने सांगितलं म्हणून मला ते ऐकायचं नव्हतं. तरी तसंच केलं, कारण उघड्या पायऱ्या मी पाहिल्या होत्या. बांधावर बसून मोटरवर लक्ष ठेवायची तीच. बंद करायची वेळ झाली की तिकडूनच हाक.

पाटल्या सोडवल्याशिवाय ती हाक थांबणार नाही, असं मी मनात धरलं. कॅम्प एकमधे एका सिंधी शेठाणीकडे पापड लाटायला जायला लागले. ती म्हणायची, "तू गूंगी है क्या?" मी मान हलवायची आणि लाटत राहायची. हाताला मिऱ्याचा वास कायमचा बसला. दर महिन्याला सराफाकडे थोडे थोडे भरत गेले. यांचा पगार घरात जायचा, हे पैसे माझे. दोन पावसाळे असेच गेले.

शेवटचे पैसे भरायला जाऊबाईला बरोबर नेलं. सराफाने गुलाबी कागदातून पाटल्या काढल्या. तिचा हात आता जाड झाला होता, चढेनात. तिने दुकानातल्या पोऱ्याकडे साबण मागितला आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर हात फेसाळून पाटल्या चढवल्या. सराफसुद्धा हसायला लागला. माझं मनगट बारीक आहे. माझ्या हातात त्या साबणाशिवाय गेल्या असत्या, असं तेव्हाही मनात आलंच.

पाटल्या चढल्यावर ती म्हणाली, "फिटलं बाय. आता मोटर कधी लावायची ते तू ठरव. मी हाक नाय मारणार."

मी म्हटलं, "सकाळी तासभरच लावेन." दुकानात इतकी माणसं असून माझा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. सराफाने व्याजासकट सगळं मिळालं म्हणून सांगितलं आणि गहाणाची पावती आमच्यासमोर फाडून टाकली.